व्हिटॅमिन ए-चा आकडा आणि कोयनेचं पाणी

‘चष्म्याचा नंबर वाढतोय? रक्तातलं व्हिटॅमिन ए तपासा. कमी आलं तर लगेच गोळ्या सुरू करा. नॉर्मल आलं तर अंगात साठा भरपूर. रोज गाजराचा रस प्या, आकडा वाढेल. जास्त झालं तरी लघवीतून निघून जातं.’ हा मेसेज सांगलीत ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मी इथल्याच एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. हा मेसेज मोबाइलवर दाखवत लोक काउंटरवर येतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

चष्म्याचं आधी. नंबर लागतो तो बहुतेक वेळा डोळ्याच्या गोळ्याच्या आकारामुळे. ए-च्या औषधी गोळ्यांनी तो उतरत नाही. ए कमी पडलं की दिवेलागणीनंतर दिसेनासं होतं, म्हणजे रातांधळेपणा येतो. लहान मुलांच्या डोळ्यांत पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसतात. असं काही असेल तर लॅबच्या आधी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.

‘नॉर्मल म्हणजे साठा भरपूर’ हे मला सगळ्यात खटकतं. पुराच्या दिवसांत आपण सगळे दोन आकडे बघतो: कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट आणि कोयना धरणात किती टीएमसी (अब्ज घनफूट). पुलाखालची पातळी बघून कोणी कोयनेचा साठा सांगत नाही. इथंही तसंच आहे. शरीरातलं बहुतेक ए यकृतात साठतं आणि यकृत रक्तात लागेल तेवढंच सोडतं. साठा अर्ध्यावर आला तरी रक्तातला आकडा जवळपास तोच राहतो; तळ दिसायला लागला की मगच तो घसरतो. जागतिक आरोग्य संघटना २० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली कमतरता धरते, १० च्या खाली तीव्र. रिपोर्टवर ३५ दिसले तर एवढंच कळतं की तळ लागलेला नाही.

आता ‘कमी म्हणजे गोळ्या’. यकृतातून ए बाहेर पडतं ते एका प्रथिनावर बसून. ताप किंवा जंतुसंसर्ग असला की हे प्रथिन रक्तात कमी होतं आणि साठा असूनही आकडा खाली येतो. जेवणात प्रथिनं किंवा जस्त कमी पडलं तरी तेच. तासगावकडच्या एक ताई तापातल्या लेकराला घेऊन आल्या होत्या, आकडा कमी आला आणि त्या घाबरून गेल्या. मी म्हटलं, “ताई, लेकराचं लसीकरणाचं कार्ड दाखवा.” नवव्या महिन्याचा ए-चा एक लाख युनिटचा डोस त्यावर होता, पुढचे दोन लाखांचेही वेळेवर दिलेले होते. पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणाऱ्या या डोसांसाठी रक्त तपासावं लागत नाही. ताप उतरल्यावर काय करायचं ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलं, आणि तेच बरोबर होतं. रिपोर्ट दाखवताना ताप कधी आला होता ते आवर्जून सांगा. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज किंवा संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी, केली असेल तर तीही दाखवा.

गाजर खा, जरूर खा. शेवग्याचा पाला, मेथी, राजगिराही खा, आणि थोड्या तेलाच्या फोडणीत, कारण ए-ला अंगात शिरायला स्निग्ध पदार्थ लागतो. पण गाजरातल्या कॅरोटीन या केशरी रंगद्रव्याचं ए शरीर गरजेपुरतंच करतं. साठा ठीक असेल तर रस पिऊन हा आकडा वाढणार नाही, फार तर तळहात पिवळे होतील. डोळे पांढरेच राहिले तर ती कावीळ नव्हे. हळदीच्या पेठेतल्या आपल्या लोकांना पिवळ्या हातांचं भय नको, पण डोळे पिवळे दिसले तर थांबू नका.

शेवटचा मुद्दा सरळ धोक्याचा आहे. लघवीतून जातात ती बी आणि सी. गोळ्यांमधलं तयार ए यकृतात साचत जातं. मग डोकेदुखी, उलट्या, केस गळणं, यकृताला इजा. गरोदरपणात, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत, रोज १०,००० युनिटच्या वर घेतलं तर बाळात व्यंग येण्याची भीती असते. माशाच्या यकृताच्या तेलाच्या कॅप्सूलही यातच मोजायच्या. मुरमांवर आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ए-च्या गोळ्या त्यासोबत घेऊच नका. ते याच घराण्यातलं औषध आहे.