आधी फी भरा, डोळ्यांचं नंतर बघू

ज्यांना एअरलाइनचं विमान उडवायचंय त्यांनी सर्वांत आधी फ्लाइंग स्कूलची फी भरून मोकळं व्हावं. पूर्ण भरावी, हप्त्यांत नको. हप्ता चुकवता येतो, भरलेली फी परत मिळत नाही, आणि ध्येयवेड्या माणसाचे परतीचे दोर कापलेलेच बरे. मग गणवेश शिवावा, खांद्यावर पट्ट्या लावून फोटो टाकावा. वैमानिकाला लागणारी रंगदृष्टीची तपासणी काय, होईल सवडीने. परवाच अशा एका शाळेचं माहितीपत्रक हाती आलं. बारा पानं. वसतिगृहातल्या गाद्यांचा रंगसुद्धा दिलाय, आणि मेडिकल हा शब्द शेवटच्या पानावर, तळटीपेत.

अगदीच शंका आली तर घरी मोबाइलवर तपासावं. रात्रीचा पिवळा मोड चालू ठेवून, कुणीतरी दहा जणांमार्फत पाठवलेल्या फोटोवर. रंगदृष्टी तपासायच्या इशिहारा चाचणीत रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायचा असतो. तिच्या छापील प्लेटांत, म्हणजे चित्रांच्या पानांत, ठिपक्यांचा उजळपणा मुद्दाम कमीजास्त ठेवलेला असतो, म्हणजे आकडा ओळखायला रंगाखेरीज दुसरा आधार मिळू नये. स्क्रीन हे सगळं आपल्या मर्जीने बदलून टाकते. पण शेवटी हिरव्या अक्षरांत ‘पास’ येतं ना? (ती अक्षरं हिरवी दिसली का, हे कोण विचारतंय!)

दवाखान्यात जायचंच असेल तर असा निवडावा, जिथे ते प्लेटांचं पुस्तक खिडकीपाशी उघडंच पडलेलं असतं. उन्हाने रंग विटलेत, आकडे बोटाने गिरवून गिरवून पानं तेलकट झालीत, वर पिवळा बल्ब. दिवसाचा उजेड किंवा तसाच उजेड देणारा डी६५ प्रतीचा दिवा, ७५ सेंटिमीटर अंतर, पान नजरेला काटकोनात, प्रत्येक प्लेटला ३ सेकंद, पानाला बोट लावायचं नाही, असले सोवळ्यातले नियम तिथे कुणी पाळत नाही. पिवळ्या उजेडात सौम्य दोषाचा एखादा चक्क पास होतो आणि ‘नॉर्मल’ असा कागद घेऊन नाचत घरी जातो. खऱ्या मेडिकलला दिवा बदलतो.

डोळ्यांचे व्यायाम जरूर करावेत. दोष एक्स गुणसूत्रावर आहे. डोळे गरागरा फिरवल्याची त्याला खबरही लागत नाही.

रंगीत काचांचा चष्मा किंवा लाल कॉन्टॅक्ट लेन्स घालून जावं. चालत नाही, हे तिथे गेल्यावर कळेलच.

आता रामबाण उपाय: पाठांतर. पहिली प्लेट १२. ती सगळ्यांनाच वाचता येते, रंगांधळ्यांनाही. ती नुसती खेळ समजावण्यापुरती असते. पुढचे आकडे पाढ्यासारखे घोकावेत. तपासणारा क्रम विस्कटून प्लेटा दाखवतो, ही त्याची खोड. युरोपच्या नियमात २४ प्लेटांच्या पुस्तकातल्या पहिल्या १५ अशाच विस्कटून दाखवतात आणि एकही चूक चालत नाही. तरी हरकत नाही. लाल-हिरव्यात दोष असलेल्याला ८ च्या जागी ३ दिसतो, २९ च्या जागी ७०, ७४ च्या जागी २१. म्हणजे २१ दिसला की ‘चौऱ्याहत्तर’ म्हणायचं. सोपं! आणि ५ दिसला तर? ३८ प्लेटांच्या पुस्तकात तो ६ चा असेल किंवा ३ चा. किंवा ज्या प्लेटवर निरोगी डोळ्याला काहीच दिसत नाही तिच्यावरचा असेल, जो फक्त दोष असणाऱ्यालाच दिसतो. करा हिशेब, ३ सेकंद आहेत. आणि बसला एखाद्याचा हिशेब, तर काय जिंकलं त्याने? संगणकावरच्या कॅड चाचणीत लुकलुकत्या राखाडी पटावर एक रंगीत चौकोन सरकतो, कोणत्या कोपऱ्याकडे गेला त्याचं बटण दाबायचं असतं. तिथे काय पाठ करणार, चौकोन? उलट तिथे दोष किती आहे याचा आकडा निघतो. ब्रिटनच्या विमान प्राधिकरणाने हिरव्याच्या दोषाला ६ आणि लालच्या दोषाला १२ ही मर्यादा ठरवली, कारण प्लेटांत नापास झालेल्यांतले काही जण वैमानिकाचं काम बिनचूक करू शकतात. म्हणजे ज्याला सरळ मार्गाने लायसन्स मिळालं असतं तोच खोटं बोलायला शिकतोय, आणि शिकवणारे त्याचे पैसे घेतायत!

‘पण मला सिग्नलचा लाल-हिरवा कळतो की.’ कळणारच. वरचा लाल, खालचा हिरवा, जागा पाठ आहे. धावपट्टीच्या बाजूला, विमान बरोबर उतारावर आहे का ते सांगणारे ‘पापी’ (PAPI) नावाचे चार दिवे एका आडव्या ओळीत असतात. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उतार बरोबर. तीन लाल म्हणजे जरा खाली आलात. चारही लाल म्हणजे फार खाली. लाल किती ते मोजता आलं पाहिजे, आणि रात्री बाहेर दुसरं काही दिसत नाही. २६ जुलै २००२ ला अमेरिकेतल्या टॅलाहासीला एक मालवाहू बोइंग ७२७ पहाटेच्या अंधारात धावपट्टीच्या अलीकडेच झाडांवर आदळलं. तिघे वाचले. एनटीएसबीने, म्हणजे तिथल्या अपघात तपासणाऱ्या मंडळाने, कारणं नोंदली त्यात थकवा होता, न पाळलेली कार्यपद्धती होती, आणि सहवैमानिकाचा रंगदृष्टिदोषही होता. त्याच्याकडे वैध मेडिकल होतं.

अहो, एका तपासणीचा तर प्रश्न आहे! एअरलाइनच्या वैमानिकाला लागणारं क्लास वन मेडिकल आधी करा, फी मागाहून. घरात आईच्या वडिलांना किंवा मामाला रंगांचा घोळ असेल तर अजिबात थांबू नका. प्लेटांत अडलात तर रडत बसू नका आणि लपवूही नका. ज्या देशाचं लायसन्स हवंय तिथे पुढची कोणती चाचणी मान्य आहे ते विचारा, ती द्या, निकाल लेखी घ्या. त्यातही नाही जमलं, तर आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या नियमाप्रमाणे उरतं ते फक्त दिवसा, बाहेर बघून उडवण्यापुरतं. एअरलाइन त्यावर घेत नाही. हे फी भरण्याआधी कळलं तर निदान पैसे वाचतात.

आणि माहितीपत्रकं छापणाऱ्यांनो, तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. पोरगं दाराशी आलं की पहिल्या दिवशी मेडिकलला पाठवायला तुमचं काय जातं? पहिल्या पानावर छापा ते. जागा नाही म्हणता? गाद्या काढा.