पन्नाशीनंतर पहिल्यांदाच घर सुटते तेव्हा

ज्या माणसाने तीस-चाळीस वर्षे काम केले, दरमहा भाडे भरले आणि कुणापुढे कधी हात पसरला नाही, त्याचे घर साठीच्या आसपास आयुष्यात पहिल्यांदा सुटते, ही घटना आता अपवादात्मक राहिलेली नाही. वृद्ध बेघर म्हटले की आयुष्यभर रस्त्यावर काढलेली, व्यसनात बुडालेली किंवा मुलांनी टाकून दिलेली व्यक्ती आपल्या डोळ्यांपुढे येते. हे चित्र अपुरे आहे आणि त्यामुळे उपायही चुकीच्या जागी शोधले जातात, असे मला वाटते.

अमेरिकेतील ओकलंड शहरात डॉ. मार्गो कुशेल यांच्या चमूने २०१३ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या ३५० बेघर व्यक्तींचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांतील सुमारे ४४ टक्के लोक पन्नाशीनंतर प्रथमच बेघर झाल्याचे आढळले. त्यांतील अनेकांनी आयुष्यभर अंगमेहनतीची, कमी पगाराची कामे केली होती. अशा माणसाजवळ शिल्लक नसते, आणि नोकरी जाणे, आजारपण, घटस्फोट, जोडीदाराचा किंवा ज्यांच्यासोबत राहत होते त्या आईवडिलांचा मृत्यू, यांपैकी एकच आघात त्याचे घर हिरावून घेण्यास पुरेसा ठरतो. तरुणाला दुसरी नोकरी मिळण्याची आशा तरी असते. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे दुखणाऱ्या हमालाला किंवा सफाई कामगाराला ती कोण देणार, आणि निवृत्तिवेतनाचे वय यायला अजून काही वर्षे असतील तर मधला काळ त्याने कसा काढायचा?

याच लोकांच्या शेजारी दुसराही एक गट आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेनिस कल्हेन यांनी दाखवून दिले आहे की १९५५ ते १९६४ या काळात जन्मलेली अमेरिकन पिढी मंदीच्या आणि घरटंचाईच्या दिवसांत कामाच्या बाजारात उतरली आणि त्या पिढीत बेघर होण्याचे प्रमाण तरुणपणापासूनच जास्त राहिले. ती पिढी आता म्हातारी झाली आहे. तेथील २०२३ च्या एका रात्रीच्या गणनेत ५५ वर्षांवरील १ लाख ३८ हजारांहून अधिक लोक बेघर आढळले. ऑस्ट्रेलियात २०११ ते २०१६ या पाच वर्षांत ५५ वर्षांवरील बेघर स्त्रियांची संख्या ३१ टक्क्यांनी वाढली. संसार आणि आजारी माणसांची शुश्रूषा यांत ज्यांची कमावती वर्षे गेली, त्यांच्या नावावर ना घर असते ना पुरेसे निवृत्तिवेतन. म्हणूनच या वाढीचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही. दुःख मात्र होते.

रस्त्यावर शरीर लवकर थकते. ओकलंडमधील त्या लोकांचे मध्यम वय ५८ होते, पण पडणे, लघवीवर ताबा नसणे, विसराळूपणा, स्वतः आंघोळ करता न येणे या तक्रारी त्यांच्यात सत्तरी-ऐंशीतल्या सामान्य लोकांइतक्या किंवा त्याहूनही अधिक होत्या. पुढे हा गट ४५० जणांचा झाला आणि २०२१ अखेर त्यांतील सुमारे एक चतुर्थांश लोक मरण पावले होते. ज्यांचे घर पन्नाशीनंतर प्रथमच गेले होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका इतरांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी अधिक होता. हा आकडा वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. ज्या आश्रयगृहात एकावर एक खाटा असतात, स्वच्छतागृह लांब असते आणि सकाळी सर्वांना बाहेर काढले जाते, तेथे काठी घेऊन चालणारा, रात्री चार वेळा उठावे लागणारा आणि इन्सुलिन थंड ठेवण्याची गरज असलेला माणूस कसा राहू शकेल, याचा विचार ती उभारताना झालेला नसतो.

म्हणून आश्रयगृहांच्या संख्येपेक्षा घर सुटण्याच्या आधीचे दिवस मला अधिक महत्त्वाचे वाटतात. कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत बहुसंख्य बेघरांनी सांगितले की दरमहा ३०० ते ५०० डॉलरची मदत मिळाली असती, तर आपले घर दीर्घकाळ टिकले असते. त्याच पाहणीनुसार ज्यांच्या नावे भाडेकरार होता त्यांना घर सोडण्याआधी साधारण १० दिवसांची पूर्वसूचना मिळाली होती, तर कराराविना दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्यांना केवळ एका दिवसाची. बहिणीकडे, भाच्याकडे किंवा जुन्या मित्राच्या खोलीत राहणारी वृद्ध माणसे याच दुसऱ्या गटात मोडतात. करारावर त्यांचे नाव नसते, त्यामुळे ती कुणाच्याही नोंदीत भाडेकरू नसतात आणि भाडे थकल्यावर मिळणारी मदतही बहुधा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा व्यक्तीला घर सोडण्यापूर्वी काही आठवड्यांची मुदत आणि त्या काळात भाड्याची मदत कायद्याने मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी करारावरील नावाऐवजी त्या घरातील तिचे प्रत्यक्ष वास्तव्य पुरेसे मानले गेले पाहिजे.