पंचमाची तार आणि आमचा फ्रीज

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या कॉलनीतल्या एका वहिनींनी चारचौघींत मला विचारलं, "तुमचे मिस्टर अजून जातात का हो गाण्याच्या क्लासला? महिना बाराशे रुपये म्हणे! त्यापेक्षा भजनी मंडळात बसवा की, फुकटात होईल." दुसऱ्याच्या घरी सणाला वाद नको म्हणून मी वाण घेऊन गप्प घरी आले. पण ते बोलणं मनातून गेलेलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आम्ही मिरजेचे. हे रेल्वेच्या इलेक्ट्रिकलमध्ये होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी एका पतसंस्थेत ३१ वर्षं कर्जखाती सांभाळली. मुलगी पुण्याला, तिच्या संसारात. घरात आता आम्ही दोघंच. पेन्शन आहे, ठेवींचं व्याज आहे, ओढाताण नाही. तरी रोजचा खर्च वहीत लिहायची माझी सवय लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासूनची आहे आणि ती मोडायचा माझा विचार नाही.

निवृत्तीनंतर चार-पाच दिवसांनी चहा घेताना हे म्हणाले, "अगं, मला गाणं शिकायचंय." ३६ वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लहानपणी वडिलांचं बोट धरून ते मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला जायचे. किराणा घराण्याचे मोठे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथेच आहे, आणि उरुसात दर्ग्याच्या आवारात रात्र-रात्र गाणं चालतं, हे मिरजेच्या माणसाला सांगावं लागत नाही. सासरे माल-धक्क्यावर कामाला. घरात पाच भावंडं. शिकवणी लावायची म्हटलं तरी पैसे कुठले? मग नोकरी, शिफ्टा, भावांची लग्नं, आमच्या मुलीचं शिक्षण. ज्या गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णु दिगंबर पलुसकर गाणं शिकले, त्या गावात जन्म काढून ह्या माणसाला साठीपर्यंत सा लावायला मिळाला नाही. त्या दिवशी मी एकच विचारलं, "क्लास कधीपासून?"

गाण्याच्या बाई आमच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत. हे त्यांना "बाई" म्हणतात, अहोजाहो करतात, गुरुपौर्णिमेला वाकून नमस्कार करतात. बाई अवघडतात, पण ह्यांचा त्यात काही दिखावा नसतो. ज्याच्याकडून शिकायचं तो गुरू, वय बघायचं नाही, एवढं साधं आहे त्यांचं. पहिले तीन महिने नुसता सा आणि पलटे, म्हणजे स्वरांच्या उलटसुलट ओळी. मग भूप राग. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, पाचच स्वर, आणि पाचांतच सगळं उभं करायचं. त्यातला गंधार, म्हणजे ग, नीट लागला नाही की बाई तिथेच थांबवतात. एकदा सबंध तास त्या एका गंधारावर गेला. हे घरी आले ते खुशीत. म्हणाले, "आज गंधार दोनदा लागला." मी ह्यांना प्रमोशनच्या दिवशी इतकं खूश पाहिलेलं नव्हतं.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेलाही हे बसले. बाकीची सगळी नऊ-दहा वर्षांची पोरं. बाहेर बाकावर बसलेल्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही कोणाला सोडायला आलाय?" हे म्हणाले, "मी परीक्षेला आलोय. तुझा कितवा नंबर?" मग दोघांनी मिळून दुर्गा रागाचे आरोह-अवरोह म्हणून घेतले.

आता फ्रीजचं.

आमचा फ्रीज १९ वर्षांचा होता. पहाटे साडेपाचला हे स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावून खर्ज, म्हणजे खालचा सा, लावायला बसत. दहा मिनिटांत फ्रीजची मोटर सुरू व्हायची आणि ह्यांचा आवाज हलायला लागायचा. रोज. आधी वाटलं, वयाचा परिणाम. एक दिवस हे उठून फ्रीजला कान लावून उभे राहिले, मग मला हाक मारली. "हे बघ, आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. मोटर गुणगुणते ती मुख्यतः त्याच्या दुपटीने, १०० ला. बाईंनी मला सा दिलाय काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी. त्याच्या खालचा पंचम, म्हणजे प, तंबोऱ्याची पहिली तार, १०४ च्या आसपास पडतो. हा फ्रीज माझ्या पंचमाला खेटून, पण जरा उतरा बोलतोय." मग ॲप लावून मला ऐकवलं. पंचम वाजला की दोन आवाजांत एक हेलकावा येत होता, वंव-वंव-वंव, सेकंदाला चार. त्या माणसाने ३७ वर्षं रेल्वेचे पॅनल सांभाळले आणि शेवटी तो कान इथे कामाला आला.

त्या दिवसापासून रियाजाच्या पाऊण तासात फ्रीजचं बटण बंद. दार उघडलं नाही तर तेवढ्यात आतलं काही खराब होत नाही. दीड वर्ष असं चाललं. मग गेल्या दिवाळीनंतर त्याने थंड करणंच सोडलं. मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर बदलण्यात आता अर्थ नाही.

दिवाळीत घेतला असता तर ऑफर मिळाली असती, असं सगळे म्हणाले. माझं मत वेगळं आहे. सणाला दुकानात उभं राहायला जागा नसते, विक्रेत्याला आपल्याशी बोलायला वेळ नसतो आणि भाव करायला त्याला गरज नसते. आम्ही दोन महिने शेजारच्या ताईंच्या फ्रीजमध्ये दुधाचं पातेलं ठेवून काढले आणि जानेवारीत, मंगळवारी दुपारी, रिकाम्या दुकानांत गेलो. मिरज-सांगली मिळून पाच दुकानं. वही बरोबर होती.

पहिल्याच दुकानातल्या मुलाने सांगितलं, "मॅडम, जीएसटी कमी झालाय, म्हणून फ्रीज स्वस्त आहेत." तसं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला तो एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा. फ्रीज आणि वॉशिंग मशीनवर २०१८ च्या जुलैपासूनच १८ टक्के आहे. मुलाला मी हे नीट सांगितलं, त्यानेही ऐकून घेतलं. त्याला जे पढवलं तेच तो बोलणार.

दुसऱ्या दुकानात "शून्य टक्के व्याज, महिना फक्त सोळाशे". कर्जखाती बघण्यात माझं आयुष्य गेलंय, तेव्हा एवढं तरी सांगू द्या: व्याज शून्य कधीच नसतं. रिझर्व्ह बँकेनेच २०१३ साली बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नाही. ते व्याज किमतीत तरी दडवलेलं असतं, नाहीतर रोखीची सूट काढून घेऊन भरलेलं असतं. वर प्रोसेसिंग फी, आणि कार्डावर घेतलं तर त्या व्याजावरचा जीएसटी आपल्या खिशातून. मी एवढंच विचारलं, "बारा सोळाशे म्हणजे १९,२००. आता रोख दिले तर?" उत्तर आलं, १७,९००. तेराशे रुपयांचा फरक. म्हणजे माझ्या ह्यांच्या गाण्याची एका महिन्याची फी, आणि वर शंभर.

कोणाकडे हप्त्याशिवाय इलाज नसेल तर त्याने हप्त्यावर घ्यावं, त्यात कमीपणा नाही. पण रोखीचा भाव विचारल्याशिवाय सही करू नये, हे मी कळकळीने सांगते. पतसंस्थेत मी बायका रडताना बघितल्या आहेत, कर्जावर घेतलेला टीव्ही बंद पडून वर्ष झालं तरी हप्ते चालूच असलेल्या.

फ्रीजवरच्या वीजबचतीच्या लेबलचंही बघायला शिकावं. तारे सगळे मोजतात, त्याखाली वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ते कोणी वाचत नाही. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या सालाचे पाच तारे आणि नव्या सालाचे पाच तारे एक नव्हेत. लेबलवरचं साल बघायचं. आम्ही दोघांना पुरेल असा, फ्रॉस्ट-फ्री नसलेला, साधा एका दाराचा घ्यायचा ठरवला. बर्फ साचला की बटण दाबायचं, पाणी ओतून टाकायचं. हात आहेत की आपल्याला! फ्रॉस्ट-फ्रीपेक्षा हा वीजही कमी खातो. ह्यांची अट एकच, कॉम्प्रेसर इन्व्हर्टरचा हवा. तो मोटरचा वेग कमी-जास्त करतो, धाडकन सुरू-बंद होत नाही, आणि त्याचा आवाज त्या ५०-१०० ला बांधलेला नसतो.

चौथ्या दुकानात तसा एक डिस्प्लेला ठेवलेला होता. डाव्या अंगाला बोटभर पोचा. आमच्याकडे ती बाजू भिंतीला लागते. हे मालकाला म्हणाले, "जरा चालू करता का?" आणि दुकानाच्या मधोमध डोळे मिटून, फ्रीजच्या पाठीशी कान लावून पाच मिनिटं उभे राहिले. दुकानातली मुलं बघत होती. मला त्या वेळी ह्यांचा फार अभिमान वाटला, का ते नेमकं सांगता येणार नाही. फ्रीज १५,८०० ला मिळाला. पोचा सोडून बाकी सगळ्याची पूर्ण वॉरंटी, आणि तसं बिलावर लिहून घेतलं. लिहून घेण्याला कारण आहे. दहा वर्षांपूर्वी एका दुकानाने जुन्या वॉशिंग मशीनचे दोन हजार धरतो म्हणून सांगितलं आणि टेम्पो दारात उभा राहिल्यावर पाचशे म्हणाले. तोंडी बोलण्याला बिल नसतं. जास्तीच्या वॉरंटीचे वेगळे पैसे मात्र दिले नाहीत. बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षं देतातच.

फ्रीजसाठी मी २६ हजार बाजूला ठेवले होते. दहा हजार दोनशे उरले.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येते. माझा मिक्सर १४ वर्षांचा आहे. कपलर तीनदा बदलला, कार्बन ब्रश एकदा, भांड्याची पाती दोनदा. नवा घ्यावासा वाटला नाही. हॉलमधला ७५ वॉटचा पंखा काढून ३० वॉटवाला लावला, दिवसाला बारा तास धरले तर अर्धा युनिट रोज वाचतो. हे सगळं मी आनंदाने करते. पण बाईंच्या फीमध्ये मी एक रुपया घासाघीस केलेली नाही आणि करणार नाही. फ्रीजच्या किमतीत कंपनीचा, दुकानाचा, जाहिरातीचा वाटा असतो, तिथे भाव करायला जागा असते. बाईंच्या फीमध्ये त्यांची वीस वर्षांची मेहनत आहे. त्यात कुठून कमी करायचं?

आणि भजनी मंडळ कमी प्रतीचं आहे म्हणून हे तिथे जात नाहीत, असं बिलकूल नाही. एकादशीला जातातच, टाळ धरतात. पण रागाची तालीम ही वेगळी गोष्ट आहे. साठीच्या माणसाने चाळीस हजारांचा मोबाइल घेतला तर कोणी विचारत नाही की या वयात कशाला. महिना बाराशे देऊन गंधार शिकला तर विचारतात. "हौस आहे हो त्यांना" असं हळू आवाजात म्हणतात, जणू घरात कोणाला व्यसन लागलंय. मला ह्याचं फार वाईट वाटतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गरजा आधी भागवल्या, त्याने साठीनंतर स्वतःसाठी एक मागितलं, तर त्याचा उपयोग काय हे सिद्ध करायची जबाबदारीही त्याच्यावरच का?

उरलेल्या पैशांतून आम्ही तंबोरा घेतला. सतारमेकर गल्लीत. इथले मूळचे कारागीर शिकलगार, शस्त्रांना धार लावणारी मंडळी. त्यांच्यातल्याच फरीदसाहेबांपासून ती तंतुवाद्यांकडे वळली. पंढरपूरकडचे भोपळे इथे येतात, त्यांचे तंबोरे होऊन देशभर जातात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. नवा आम्हाला झेपणारा नव्हता. एका घरातून आलेला जुना, मर्दानी म्हणजे पुरुषांच्या आवाजाचा तंबोरा होता, भोपळ्याला एक बारीक चीर. सहा हजार तंबोऱ्याचे, साडेतीन दुरुस्तीचे.

जवारी काढताना, म्हणजे तारेला गुंज यावी म्हणून ती जिच्यावर टेकते ती घोडी घासताना, मी तिथे होते. कारागिरांनी घोडीवर कानस फिरवली, अगदी हलकी, कागदावरून बोट फिरवावं तशी. तार छेडली, ऐकली, पुन्हा कानस. असं कितीतरी वेळ. मग तारेखाली सूत सरकवलं, केसाइतकं मागे-पुढे. आणि एका जागी ती तार अचानक उघडली. आतापर्यंत टणटण वाजणारी तार एकदम भरून गुंजायला लागली, दुकान भरून गेलं. हे काही बोलले नाहीत. माझा हात धरला फक्त, चारचौघांत, जो ह्यांनी उभ्या आयुष्यात बाहेर कधी धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे हे तंबोरा घेऊन बसले. खुंट्या पिळून तारा लावायलाच वीस मिनिटं गेली. ॲपमध्ये ती मेहनत नव्हती, आणि बाई म्हणतात कान त्यातच तयार होतो. मी चहा टाकला होता. पंचम लागला. जोडीच्या तारा लागल्या. खर्ज लागला. हे थांबले आणि आतून विचारलं, "अगं, फ्रीज बंद केलास का?"

मी नव्हता केला. दार उघडून दिवा बघितला. चालू होता.