एक दशक कमी करा

आमच्या सोसायटीची कोजागिरी गच्चीवर होते. चंद्र फुकट, दूध वर्गणीतून आणि गाणी ज्याची त्याच्या घशातून. आता कराओके आलंय, त्यामुळे घसा नसलेलेही गातात. यंदा या प्रकाराला शिस्त लावायची म्हणून सेक्रेटरींनी 'सात दशकांची सुरेल सफर' असं नाव ठरवलं आणि बॅनर छापायला टाकला. घड्याळ नंतर बघितलं. ऑफिसातून सुटून, लोकलला लोंबकळत मुलुंड गाठून, हातपाय धुऊन माणसं वर येईपर्यंत सात वाजतात. दहाला लाउडस्पीकर बंद, नाहीतर चौकीवरून फोन. हातात उरले तीन तास. दशकाला अर्धा तास धरला तर बसतात सहा. १९५० ते २०१९ मात्र कितीही वेळा मोजलं तरी सातच भरतात.

एक दशक कापायचं काम माझ्याकडे आलं, कारण ज्या सभेला मी गैरहजर होतो त्याच सभेत मी एकमताने सांस्कृतिक प्रमुख झालो होतो.

"सोपं आहे हो," सेक्रेटरी म्हणाले. "सगळ्यात टुकार दशक कुठलं ते ठरवायचं आणि काढून टाकायचं. पाच मिनिटांचं काम."

रविवारी अकरा वाजता सोसायटीच्या ऑफिसात आम्ही ते पाच मिनिटांचं काम सुरू केलं.

आमच्याकडे माणसं फ्लॅटच्या नंबरावरून ओळखली जातात. पहिले बोलले ६०१चे काका. त्यांच्या मते हिंदी सिनेमाचं संगीत ३१ जुलै १९८० रोजी वारलं. त्या दिवशी रफीसाहेब गेले. त्याआधी १९७१ला जयकिशन, १९७५ला मदनमोहन आणि सचिनदा, १९७६ला मुकेश. काका संगीताचा इतिहास असा तेराव्या-तेराव्याने मोजत पुढे सरकतात. मध्ये एखादं बारसं लागतच नाही. "ऐंशीचं दशक काढा," ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

आता ऐंशीचं दशक म्हणजे आमच्याकडे २०३. स्पीकर त्यांचे, अँप्लिफायर त्यांचा, दोन्ही माइक त्यांचे. ते रागावले वगैरे नाहीत. "काही हरकत नाही," म्हणाले, "मी वायरी गुंडाळून ठेवतो."

सेक्रेटरींनी घाईघाईने वडापाव सांगितले.

पहिला वडापाव पोटात गेल्यावर २०३ यांनी पुरावे काढले. "बप्पीदांना नावं ठेवता ना? मग ऐका. 'शराबी', १९८४. संगीत त्यांचंच. त्या वर्षी फिल्मफेअरला पुरुष गायकांची जेवढी नामांकनं होती ती सगळीच्या सगळी एकट्या किशोरची. आणि ती सगळी याच सिनेमातली!"

"म्हणजे बाकी दुष्काळच की," काका डोळे न उघडता म्हणाले. "आणि मैदानभर मडकी रचून नाचायचे, ते कुठलं दशक?"

"मडकी कॅमेऱ्याला दिसतात काका. कानाला नाही."

मला २०३ यांचं पटत होतं, पण सांस्कृतिक प्रमुखाने तटस्थ राहायचं असतं. खरं तर त्या दशकाचा दोष सुरांपेक्षा दिवाणखान्याचा जास्त होता. १९८२मध्ये रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर भाड्याने मिळायला लागला आणि घरंदाज गिऱ्हाईक थिएटर सोडून सोफ्यावर जाऊन बसलं. थिएटरात शिट्ट्या मारणारे उरले, तर निर्माते त्यांच्यासाठी गाणी करणार. सोफ्यावरच्या मंडळींनी मग कॅसेटवर गझला ऐकल्या आणि पुढे जन्मभर म्हणत राहिले की तेव्हा काही चांगलं नव्हतंच.

डिस्कोचं तर मला फार कौतुक वाटतं. १२ जुलै १९७९ला शिकागोत बेसबॉलच्या मैदानावर लोकांनी डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो सुरुंगाने उडवून दिला. मेला म्हणून जाहीर केलं. तिकडे तेरावं उरकलं आणि वर्षाच्या आत इकडे आपण 'कुर्बानी' काढून बारशाच्या घुगऱ्या वाटल्या. गाणारी नाझिया हसन होती पंधरा वर्षांची. काकांना बारसं दाखवायचंच झालं तर यापेक्षा चांगलं कुठलं दाखवणार? पण तोंडात वडा होता.

नव्वदचं दशक काढायचं कुणी सुचवलंच नाही. ३०४च्या वहिनी खजिनदार आहेत आणि दुधाचे पैसे त्यांच्याकडे असतात.

मग मी तटस्थपणा गुंडाळून २००० नंतरची दहा वर्षं काढू या, असं सुचवलं. कारण खासगी आहे. २००६मध्ये माझं लग्न झालं. आमच्या व्हिडिओवाल्याने पाठवणीच्या प्रसंगाला त्या साली गाजणारं गाणं चिकटवलं. पडद्यावर ही आईच्या गळ्यात पडून रडतेय, सासरे उपरण्याने डोळे पुसतायत आणि मागून एक इसम भर सर्दीत प्रेम व्यक्त करतोय. नातेवाईक अजून ती सीडी मागून नेतात. माझ्या या अर्जाला विरोध करायला ५०२ उठले; पण त्यांचा आठ महिन्यांचा मेंटेनन्स थकलाय. थकबाकीदाराला एखाद्या दशकाची बाजू घेता येते का, यावर पंधरा मिनिटं आणि उरलेली चटणी संपली. उपविधीत काही सापडलं नाही.

वातावरण निवळावं म्हणून मी केसकरांची गोष्ट काढली. बाळकृष्ण केसकर, आपले पुण्याचे. १९५२मध्ये केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. त्यांना सिनेमाचं संगीतच हलकं वाटायचं, त्यामुळे आकाशवाणीवरून ती गाणी दिसेनाशी झाली. आणि वर्ष कुठलं? 'बैजू बावरा'चं! ज्यात चक्क उस्ताद अमीर खाँ आणि द. वि. पलुस्कर गायलेत. लोकांनी काय केलं, रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली. शेवटी १९५७ला सरकारला विविध भारती काढावी लागली.

"तात्पर्य, काका," मी म्हणालो, "तुमचं सोन्याचं दशकसुद्धा तेव्हाच्या शहाण्यांना टुकारच वाटत होतं."

काकांनी पहिल्यांदाच डोळे उघडले. "केसकरांचं बरोबर होतं," ते म्हणाले. "फक्त तीस वर्षं घाई केली."

एवढ्यात ४०२चा मुलगा वडिलांना जेवायला बोलवायला आला. रविवार होता, मटणाचा वास जिन्यातून त्याच्याआधी पोचला होता. कॉलेजात आहे, कानात सतत काहीतरी खुपसलेलं. त्याने एक कान मोकळा करून विचारलं, "इश्यू काय आहे?"

इश्यू सांगितला.

"मग आमचंच कापा ना. २०१०चं."

सगळे गप्प. ते दशक कापायचं आमच्या डोक्यात आलंच नव्हतं, कारण त्यातलं एकही गाणं आमच्या डोक्यात नव्हतं.

"तसंही त्यातली निम्मी गाणी तुमचीच आहेत," तो सहज म्हणाला. "२५ जानेवारी २०१७. 'रईस' आणि 'काबिल' एकाच दिवशी लागले. एकात 'कुर्बानी'तली लैला, दुसऱ्यात 'याराना'तलं सारा जमाना. म्हणजे १९८० आणि १९८१. तुम्ही ओरिजिनल म्हणा, आम्ही खाली नाचू."

२०३ खुर्चीतून उठले आणि त्यांनी स्वतःचा न खाल्लेला वडापाव त्या मुलाच्या हातात ठेवला. सेक्रेटरींनी इतिवृत्ताची वही ओढली, सूचक आणि अनुमोदक लिहायला घेतले. ४०२नी चपला शोधल्या. मी खुर्च्या एकावर एक रचायला लागलो.

"एक मिनिट," काका म्हणाले. "'कुर्बानी' १९८०चा. दशक एक्याऐंशीपासून सुरू होतं. तेव्हा 'कुर्बानी' सत्तरच्या दशकात धरायचा. २०३ना तो म्हणता येणार नाही."

"असं?" २०३ दारातून परत फिरले. "मग रफीसाहेबही सत्तरच्याच दशकात गेले. इतकी वर्षं माझ्या दशकावर आळ का?"

वहिनींनी पर्समधून कॅल्क्युलेटर काढला. सेक्रेटरींनी लिहिलेलं खोडलं. मी रचलेल्या खुर्च्या एकेक करून उतरवल्या.

मुलाने दाराशी उभं राहून फोन लावला. "मम्मी, तू जेवून घे."