कळवलं होतं म्हणे

माझे बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. शेवटची अकरा वर्षं स्वारगेटला. त्यामुळे आमच्या घरात तिकीट काढलं की प्रवासाचं काम संपत नाही, तिथून सुरू होतं. "गाडी नक्की आहे ना? फलाट कुठला? मधे बदलायची असेल तर मेळ बसतोय का?" निघायच्या दिवसापर्यंत रोज हे प्रश्न, आणि रोज आम्हा भावंडांचं वैतागणं. यंदा भाऊबीजेच्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी माझ्यासमोर एक कोरा कागद ठेवला. म्हणाले, "विमानाच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून दे. मोबाइलमधलं मला दिसत नाही."

त्या कागदामुळे आई-बाबा आज काशीत आहेत.

देवदिवाळी, म्हणजे कार्तिक पौर्णिमा, यंदा, २०२५ मध्ये, ५ नोव्हेंबरला. आईची वीस वर्षांची इच्छा होती. जुलैमध्येच मी तिकिटं काढली होती, ३ नोव्हेंबरची. पुणे-दिल्ली सकाळी ९:४५ ला सुटून ११:५५ ला पोचणार, दिल्ली-वाराणसी दुपारी ३:१० ला. एका मोठ्या तिकीट-साइटवरून. नाव लिहीत नाही, कारण नाव कुठलंही टाका, गोष्ट तीच राहील. विमान कंपन्यांच्या स्वतःच्या साइटपेक्षा दोघांचे मिळून ६४० रुपये वाचत होते. त्यातले किती सुविधा शुल्कात परत गेले ते विचारू नका.

तर मी कागद घेऊन बसले. ॲप उघडलं. सगळं हिरवंगार. दोन्ही विमानांपुढे 'कन्फर्म्ड', वाराणसीची वेळ ३:१०. लिहूनही झालं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "दिल्लीत कुठल्या फलाटाला?" म्हणजे टर्मिनल. ते ॲपमध्ये दिसेना, म्हणून दिल्ली-वाराणसीच्या, म्हणजे दुसऱ्या विमान कंपनीच्या साइटवर जाऊन पीएनआर टाकला. हा पीएनआर शोधणं हेही एक कामच. तिकीट-साइटचा स्वतःचा लांबलचक बुकिंग नंबर ठळक असतो, आणि ज्याच्यावर खरोखर विमानात बसायला मिळतं तो सहा अक्षरी पीएनआर तळाशी, करड्या रंगात.

कंपनीच्या साइटवर टर्मिनल वेगळं होतं. त्यात नवल नाही, दिल्लीचं टर्मिनल २ दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबरला पुन्हा सुरू होणार होतं आणि काही विमानं तिकडे हलत होती. पण वेळही वेगळी होती. १२:२५.

पहिलं विमान ११:५५ ला उतरणार. दुसरं १२:२५ ला उडणार. अर्ध्या तासात सत्तरी ओलांडलेल्या दोघांनी विमानातून उतरायचं, बॅगा सोडवायच्या, टर्मिनल बदलायचं, पुन्हा बॅगा द्यायच्या, तपासणी. मुळात काउंटरच सुटायच्या तासभर आधी बंद होतो.

बाबांनी कागदावरचं ३:१० पाहिलं, मोबाइलवरचं १२:२५ माझ्याकडून ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "अलीकडे ओढली?"

त्यांच्या आवाजातला तो धक्का पैशाचा नव्हता. एसटीत गाडी उशिरा सुटणं रोजचंच, पण वेळेआधी सोडली तर नियंत्रकाला जाब द्यावा लागतो. बाबा सांगायचे, "उशिराच्या गाडीला लोक शिव्या तरी देतात. लवकर सुटलेली गाडी त्यांना दिसतच नाही, मग शिव्या कुणाला देणार?"

पुढचे दोन दिवस फोनवर गेले. त्याचं सविस्तर वर्णन करत नाही, तुमच्यापैकी निम्म्यांना ते पाठ असेल. पहिली कंपनी म्हणाली, आमचं विमान वेळेवर आहे, नको असेल तर रद्द करा, नेहमीचे पैसे कापले जातील. दुसरी म्हणाली, आमचंही वेळेवर आहे, तुम्ही वेळेवर या, आणि बदल हवा असेल तर बुकिंग एजंटाचं आहे, एजंटाशी बोला. साइटवाला मुलगा म्हणाला, "मॅम, शेड्यूल चेंज एअरलाइनने केलाय, आमच्या हातात काही नाही." आणि मग हळूच, "मॅम, ही दोन वेगळी तिकिटं आहेत." जुलैमध्ये पडद्यावर एकच प्रवास होता, एकच किंमत, एकच पे-नाऊ. खाली बारीक अक्षरात 'सेल्फ ट्रान्स्फर' लिहिलेलं होतं, म्हणजे मधे विमान बदलायची जबाबदारी प्रवाशाची, हे आता जाऊन पाहिलं. आहे. लिहिलेलं आहे. चूक माझीही. दोन कंपन्यांची दोन तिकिटं शेजारी ठेवून साइटने त्याला प्रवास म्हटलं आणि मी तो विकत घेतला.

शेवटी रविवारी सकाळी लोहगावला विमानतळावर जाऊन दुसऱ्या कंपनीच्या तिकीट खिडकीवर उभी राहिले. तिथल्या मुलाने पीएनआर टाकला आणि म्हणाला, "मॅडम, ७ ऑक्टोबरलाच कळवलंय की."

"कुणाला?"

त्याने पडदा थोडा माझ्याकडे वळवला. ईमेल तिकीट-साइटचा. फोन नंबर तिकीट-साइटचा. माझा नंबर, माझा ईमेल, बाबांचं काहीही, कुठेच नाही. आई-बाबांची नावं फक्त बरोबर होती.

आता गंमत बघा. याच साइटकडून माझ्या याच नंबरवर जुलैपासून दर तिसऱ्या दिवशी मेसेज येत होते. वाराणसीत हॉटेल हवंय का, गंगेवर बोट हवीय का, प्रवास विमा घ्या, परतीच्या जागेचे ९९ रुपये भरा. म्हणजे नंबर त्यांच्याकडे होता. फक्त तो विमान कंपनीला द्यायचा नव्हता, गिऱ्हाईक आपलंच राहावं म्हणून. आणि कंपनीचा निरोप त्यांच्या यंत्रणेत जिथे पडतो तिथे तो पडून होता, बहुधा हजारो इतर निरोपांबरोबर. कारण हा काळच तसा असतो. जगभर विमानांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी. तिकिटं मात्र कितीतरी महिने आधीपासून विकली जातात. जुलैमध्ये नोव्हेंबरचं तिकीट घेताना आपण जी वेळ बघतो ती कंपनीचा इरादा असतो. पुढे विमानतळावरच्या वेळा ठरतात, आपल्याकडे डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा, हंगामाच्या वेळापत्रकाला मंजुरी देते, आणि मग इराद्याचं वेळापत्रक होतं. त्यामुळे वेळ बदलली याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. विमानांच्या वेळा बदलणारच. माझी तक्रार 'कळवलंय की' या दोन शब्दांबद्दल आहे.

घरी येऊन डीजीसीएचे नियम वाचले. (दिवाळीच्या सुटीत लोक फराळ संपवतात, मी हे केलं.) उड्डाण रद्द झालं तर दोन आठवडे आधी कळवायचं आणि दुसरं विमान किंवा पैसे परत द्यायचे. वेळेत कळवलं नाही तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाई, किंवा मूळ भाडं आणि इंधन शुल्क, जे कमी असेल ते. ठीक. पण पुढे एक वाक्य आहे: बुकिंग करताना ज्याने पुरेसा संपर्क दिलेला नाही त्याला भरपाई नाही. मी तर दिला होता! ज्याच्याकडे दिला त्याने तो पुढे दिला नाही. आणि त्या नियमाचं शीर्षकच बघा, त्यात तीन गोष्टी आहेत: बोर्डिंग नाकारणं, उड्डाण रद्द होणं आणि उड्डाणाला उशीर. अलीकडे ओढलेल्या विमानाचं शीर्षकात नाव नाही.

खरी मौज दुसऱ्या नियमात आहे, पैसे परत करण्याच्या. तिथे स्वच्छ लिहिलंय की तिकीट एजंटाकडून किंवा पोर्टलवरून घेतलं असेल तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची, कारण एजंट हे कंपनीने नेमलेले प्रतिनिधी आहेत. वाचून टाळी वाजवावीशी वाटली. मग मला एवढंच कळत नाही की पैसे परत करताना जो कंपनीचा माणूस असतो, तो निरोप घेताना माझा माणूस कधी होतो? कंपनीने स्वतःच्याच प्रतिनिधीला ईमेल केला आणि म्हणाली, प्रवाशाला कळवलं. हे म्हणजे आगार व्यवस्थापकाने नियंत्रकाला सांगायचं की गाडी रद्द, नियंत्रकाने तो निरोप खिशात ठेवायचा, आणि फलाटावरच्या म्हातारीला विचारायचं, तुला कळवलं होतं ना?

हा प्रश्न काही मला पहिल्यांदा पडलेला नाही. युरोपात तो कोर्टात जाऊन आलाय. ॲमस्टरडॅमहून सुरिनाममधल्या पारामारिबोला जाणारं एक विमान होतं, २०१४ च्या नोव्हेंबरचं. तिकीट एका एजंटाच्या साइटवरून घेतलेलं. विमान रद्द झाल्याचं कंपनीने एजंटाला महिनाभर आधी सांगितलं, प्रवाशाला ते कळलं अवघे दहा दिवस आधी. कंपनीचा बचाव तोच, आम्ही कळवलं होतं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मे २०१७ मध्ये सांगितलं, प्रवाशाला वेळेत कळवलं हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. एजंटाला सांगून ती संपत नाही. ६०० युरो द्या. पुढे २१ डिसेंबर २०२१ ला त्याच न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणाचा निकाल दिला, पाल्मा ते व्हिएन्ना. तिथे तर विमान दुपारचं सकाळी ओढलेलं, सहा तासांहून जास्त अलीकडे, आणि बुकिंगमध्ये ईमेल प्रवाशाचा नसून साइटनेच तयार केलेला. शब्दशः माझी कथा. तेव्हाही न्यायालय म्हणालं की मध्यस्थाला कळवणं म्हणजे प्रवाशाला कळवणं नव्हे. प्रवाशाने त्या मध्यस्थाला तसा अधिकार स्पष्टपणे दिला असेल तर गोष्ट वेगळी. आणि त्याच दिवशीच्या निकालांत हेही ठरलं की विमान एका तासापेक्षा जास्त अलीकडे आणलं तर ते रद्दच धरायचं.

एका तासापेक्षा जास्त! आमचं पावणेतीन तास होतं. बाबांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "मग बरोबरच आहे. लवकर सुटली म्हणजे सुटलीच नाही."

मला हेच आपल्या नियमात हवंय, दुसरं काही नाही. तिकीट विकणाऱ्याने प्रवाशाचा स्वतःचा नंबर बुकिंगमध्ये टाकलाच पाहिजे, आणि टाकला नाही तर 'कळवलं' धरायचं नाही. नंबर टाकायला किती खर्च येतो? कोणी म्हणेल, कंपनीच्याच साइटवरून घ्यावं ना तिकीट. घ्यावं, मीही यापुढे घेईन. पण माझी मावशी सांगलीत कोपऱ्यावरच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून तिकीट काढते, आणि तिच्या विमानाची वेळ बदलली तर तो माणूस स्कूटरवरून घरी येऊन सांगतो. मध्यस्थ असणं वाईट नाही. मध्यस्थी न करणारा मध्यस्थ वाईट.

खिडकीवरच्या त्या मुलाबद्दल मात्र लिहायलाच हवं. नियमाने त्याने मला एजंटाकडे परत पाठवायला हवं होतं, त्याच्या पडद्यावरही तसंच येत होतं. त्याने कुणाला तरी फोन केला, दोन वेळा "वेळ आपण बदललीय ना सर" म्हणाला, आणि संध्याकाळी ६:२० च्या विमानात दोघांना जागा दिली, एक पैसा न घेता. मग स्वतःहून विचारलं, "ताई, तुमचा नंबर टाकू का यात?" साडेतीन महिन्यांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. तिकीट-साइटच्या ॲपवर अजूनही ३:१० च दिसतंय. प्रवास होऊन गेला तरी.

काल दिल्लीत दोघं सहा तास बसून होते. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती शेजारच्या एका कुटुंबालाही दिली म्हणे. बाबा वेळा दाखवणाऱ्या फलकासमोर खुर्ची धरून होते. दर तासाला मला फोन. "तीनच गाड्या लेट आहेत," हा त्यांचा अहवाल.

आज संध्याकाळी दशाश्वमेध घाटावरून फोन आला. मागे आरतीच्या घंटा, माणसांचा गलका. आई म्हणाली, उद्याच्या दिव्यांची तयारी बघून डोळे भरून आले. मग बाबांनी फोन घेतला.

"परतीचं बघितलंस का?"

"बघितलं बाबा. कंपनीच्या साइटवर."

"कागदावर आहे तीच वेळ?"

"तीच."

"बरं. उद्या परत बघ."