कोर्टाच्या पायरीवरून : एका वकीलसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मानसोपचार शिकणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांना फोरेन्सिकचं, म्हणजे आरोपीच्या मनःस्थितीबद्दल कोर्टाला मत देण्याचं, शिक्षण ऑनलाइन द्यावं, खानदेशापुरता तरी आज दुसरा मार्ग दिसत नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली ‘एक वकील, धुळे’ अशी सही करून एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिच्यातलं मुख्य वाक्य जसंच्या तसं देतो : “जळगावात खुर्चीवर बसून बंगळूरचे व्हिडिओ दाखवणाऱ्या डॉक्टरांनी आधी कोर्टाची पायरी चढून बघावी, मग फोरेन्सिक शिकवावं.” बाकी मुद्दे तीन. मुलं कॅमेरा बंद करून झोपतात. कोर्स संपल्यावरच्या एमसीक्यू चाचणीला काही अर्थ नसतो. आणि ऑनलाइन चर्चेत आरोपी-रुग्णाची गुप्तता राहत नाही, माझ्याच लेखातल्या एका उदाहरणावरून तालुक्यातला माणूस त्याला ओळखेल. शेवटी जाता जाता ‘हा सगळा सर्टिफिकेट वाटायचा धंदा’ असा अहेरही आहे.

वकीलसाहेब, मतभेदाला माझी ना नाही. लेख लिहिला की चार बोल ऐकावे लागतात, एवढी वर्षं लिहितोय, कातडी थोडी जाड झाली आहे. पण ‘धंदा’? या सत्रांचा मी एक रुपया घेत नाही. ओपीडी आटोपून, रात्रीचं जेवण ताटात झाकून ठेवून आम्ही काही जण मुलांसोबत बसतो. मुद्दा मांडायला माणसाची नियत काढावी लागत नाही. समोरचा साक्षीदार खोटाच आहे असं गृहीत धरून बोलायची सवय कोर्टात उपयोगी पडत असेल, इथे मी तुमचा साक्षीदार नाही.

चाचणीचं म्हणाल तर मान्य. ‘वेडसरपणाचा बचाव न्याय संहितेच्या (आयपीसीच्या जागी आलेल्या नव्या कायद्याच्या) कोणत्या कलमात आहे’ असं विचारून खाली चार पर्याय दिले की दुसऱ्या खिडकीत गुगल उघडून कुणीही २२ वर टिचकी मारतो. त्या चाचण्या उद्या बंद झाल्या तरी मला सुतक नाही. कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात? समोरासमोरच्या लेक्चरला मागच्या बाकावर झोपणारे आम्ही पाहिलेत, त्यातले काही आज विभागप्रमुख आहेत.

आता पायरी.

ती मी चढलोय, साहेब. चांगली एप्रिलच्या उन्हात, सेशन कोर्टात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून चढलोय. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून राग नाही, पण न ओळखताच ठोकून दिलंत त्याचा आहे. माझं एमडी झालं तेव्हा फोरेन्सिक म्हणजे परीक्षेच्या आधी वाचायचा एक धडा. १८४३ सालचा इंग्लंडमधला मॅक्नॉटन खटला, त्यावरून आलेले वेडसरपणाच्या बचावाचे नियम, आयपीसीचं कलम ८४. तोंडपाठ. मग खानदेशातल्या एका सरकारी रुग्णालयात रुजू झालो आणि थोड्याच दिवसांत कोर्टाचं पत्र आलं. ‘सदर इसमाची मानसिक तपासणी करून अहवाल सादर करावा.’ बस, एवढं एकच वाक्य. सोबत दोन पोलीस, मधे तो इसम, बेडीची दोरी एकाच्या मनगटाला गुंडाळलेली. तिघंही ओपीडीच्या एकाच बाकावर. मोठा पोलीस दर पाच मिनिटांनी दारातून डोकावायचा : “साहेब, उरका ना, परतीची गाडी निघून जाईल.”

त्या पत्रात नेमकं काय विचारलंय, हे आधी ठरवावं लागतं. गुन्हा घडला त्या वेळी, आपण काय करतोय किंवा ते चूक, बेकायदा आहे, हे त्याला कळत होतं का, हा एक प्रश्न. तो कलम ८४ चा, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम २२ चा. आज तो आपला बचाव करण्याच्या, वकिलाला सूचना देण्याच्या, खटला समजून घेण्याच्या स्थितीत आहे का, हा दुसरा. तो नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या, ३६७ आणि ३६८ मधला, जुन्या सीआरपीसीत ३२८ आणि ३२९. आणि त्याला आज उपचाराची गरज आहे का, तो तुरुंगात असेल तर ते कुठे द्यायचे, हा तिसरा, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०३ चा. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. गुन्ह्याच्या दिवशी पूर्ण भ्रमात असलेला माणूस सहा महिन्यांच्या गोळ्यांनंतर खटल्याला अगदी ठाकठीक असतो. उलटही होतं. मला हे तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं. वरिष्ठांनी जुनी फाइल काढून दिली, तिच्यात ‘मानसिकदृष्ट्या फिट’ असं एका ओळीत लिहिलेलं होतं. तशीच ओळ आपणही लिहायची, ही तिथली रीत.

पुढे समन्स आलं. बचावाच्या वकिलांनी आवाज न चढवता विचारलं : डॉक्टर, आरोपीला किती वेळ पाहिलंत? पंचनामा वाचलात? घटनेच्या आधी त्याच्यावर कुठे उपचार चालू होते का, ते कागद मागवलेत? घरच्यांशी बोललात? चारही प्रश्न रास्त होते. १९६४ च्या दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की आरोपीची मनःस्थिती ठरवताना कृत्याच्या आधीची, त्या वेळची आणि नंतरची परिस्थिती बघायची, आणि आरोपीवरचा पुराव्याचा भार हा शक्यतेच्या पारड्याचा असतो, सरकार पक्षाइतका कडक नसतो. हे वाचलेला माणूस एका भेटीत एका ओळीचा दाखला देत नाही. पण मला ते वाचायला सांगणार कोण होतं? त्या पायरीवर शिकवायला कुणी बसलेलं नसतं, वकीलसाहेब. तिथे फक्त घाम येतो, आणि बाहेर आल्यावर शिपाई म्हणतो, “डॉक्टर, व्हाउचरवर सही राहिली.” पायरी चढल्यानं माणूस शिकत असता तर जिल्ह्यातले सगळे मेडिकल ऑफिसर आज फोरेन्सिकचे प्रोफेसर झाले असते. ते बिचारे तर तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त वेळा चढतात.

मग शिकवणारे कुठे आहेत? महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. तापीच्या खोऱ्यात एकही नाही. निरीक्षणाखाली ठेवायचा आरोपी आमच्याकडून एकदा पोलिसांच्या गाडीत चढला की आमच्या रेसिडेंटला पुन्हा दिसत नाही. त्याचं निदान पुढे काय ठरलं, कोर्टानं काय मानलं, काही कळत नाही. तीन वर्षांचं एमडी, त्यातले तीन महिने जिल्हा रेसिडेन्सीत, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या कामात, आणि एवढ्या काळात फोरेन्सिकची एक केस शेवटपर्यंत पाहायला मिळेल याची खात्री नाही. तुम्ही म्हणता प्रत्यक्ष शिका. कुणाकडे? पत्ता द्या, मुलांना भुसावळहून रिझर्व्हेशन काढून देतो.

बंगळूरच्या निम्हान्ससारख्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत या विषयाला आयुष्य दिलेली माणसं आहेत, आणि तिची डिजिटल अकॅडमी २०१८ पासून चालू आहे. पण तुमच्या डोक्यात ऑनलाइन म्हणजे ‘व्हिडिओ दाखवणं’ एवढंच बसलंय. आमच्या सत्रात व्हिडिओ नसतो. मुलगा केस मांडतो आणि लांबच्या गावचं कुणीतरी त्याला कापून काढतं. परवाचंच घ्या. सातपुड्याच्या पट्ट्यातला, पावरी बोलणारा आरोपी. केस मांडणारा मुलगा दक्षिणेकडचा, ऑल इंडिया कोट्यातून आलेला, त्याला मराठीच अजून धड येत नाही. रिपोर्ट मात्र देखणा : विचारप्रवाह, भ्रम, भास, समज, सगळे रकाने भरलेले. पडद्यावरच्या ज्येष्ठ मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दुभाषा कोण होता?” मुलगा म्हणाला, सोबत आलेला कॉन्स्टेबल. सगळे गप्प. म्हणजे ज्या खात्यानं पकडून आणला, त्याच खात्याच्या माणसाच्या तोंडून आरोपीनं डॉक्टरला आपलं मन सांगायचं होतं. तो रिपोर्ट पाठवला गेला नाही. दवाखान्यातल्याच पावरी येणाऱ्या एका नर्सताईंना बसवून, पोलिसांना नजरेच्या टप्प्यात पण कानाच्या पलीकडे ठेवून तपासणी पुन्हा झाली. हा प्रश्न आमच्या इमारतीत कुणी विचारला नसता, कारण आम्हाला कॉन्स्टेबलची इतकी सवय झाली आहे की तो खोलीत असला तरी दिसत नाही.

तसंच अहिराणीचं. “माले काही याद नही” असं आरोपी म्हणाला की नवीन मुलगा ‘स्मृतिभ्रंश’ लिहून मोकळा होतो. दारूनं आठवत नाही, भीतीनं सांगत नाही की आजारानं हरवलंय, हे कसं वेगळं करायचं आणि नुसतं आठवत नाही एवढ्यावर कलम २२ चा बचाव का उभा राहत नाही, यावर मागच्या महिन्यात दीड तास वाद झाला. खुर्चीवर बसूनच झाला, हो.

आणि पायरीचा एवढा अभिमान आहे तर नवी नागरिक सुरक्षा संहिता उघडून बघा. तिच्या ५३० व्या कलमानं साक्षीपुरावा इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं घ्यायला मुभा दिली आहे. म्हणजे आजच्या रेसिडेंटची पहिली साक्ष कदाचित पडद्यावरच होईल, आणि तिचा सराव त्यानं पडद्यावर केला तर मात्र ते हास्यास्पद! याच संहितेत आणखी एक तरतूद आहे. मानसोपचारतज्ज्ञाच्या मतावर अपील झालं तर ते ऐकणाऱ्या वैद्यकीय मंडळात जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजमधला मानसोपचाराचा एक प्राध्यापक असतो. खानदेशात तो प्राध्यापक उद्या हीच मुलं असणार. त्यांनी तेव्हा काय करावं, जुनी फाइल काढावी?

तुरुंग प्रत्यक्ष बघू नये असं मी कुठेही लिहिलेलं नाही. बघावाच. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०३ प्रमाणे तुरुंगाचा वैद्यकीय अधिकारी दर तिमाहीला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवतो की आमच्याकडे कुणी मानसिक रुग्ण कैदी नाही. ते कसं लिहिलं जातं, हे मुलांनी एकदा बाजूला बसून पाहिलं तर बरंच कळेल. पण त्याच कायद्याच्या कलम ३१ नं तुरुंगातल्या डॉक्टरांना मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, त्याचं काय झालं यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही. राग सगळा माझ्या खुर्चीवर.

राहिला गुप्ततेचा मुद्दा. आम्ही नावं काढतो, वय थोडं इकडेतिकडे करतो, मुलं सत्र रेकॉर्ड करत नाहीत. करणाऱ्यानं केलंच तर वॉर्डातल्या राउंडलाही मोबाईल खिशात असतोच. तालुक्यातला माणूस ओळखेल वगैरे मला ओढूनताणून वाटतं. तरी तुमच्या शब्दाला मान म्हणून त्या लेखातून तालुक्याचं नाव आणि आरोपीचा व्यवसाय काढून टाकला आहे. यावर आणखी लिहायची गरज वाटत नाही.

येत्या महिन्यात उलटतपासणीच्या सरावाचं सत्र आहे. मुलं साक्षीदार होतील, प्रश्न विचारायला खरा वकील हवा आहे. तुम्ही या, मनापासून बोलावतोय. तुमची जीभ त्या दिवशी तरी सत्कारणी लागेल. मानधन नाही, सर्टिफिकेटही नाही. येणार असाल तर पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावानं लिहा, सनद नंबर नसला तरी चालेल. ‘एक वकील’ अशी सही असेल तर मी ती प्रसिद्ध करणार नाही.