१९५२ ची ‘बंदी’ आणि केसकरांच्या नावावर खपवलेल्या गोष्टी

जुन्या गाण्यांच्या प्रत्येक ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो, परवा आमच्या मामांनीही टाकला. थोडक्यात असा: १९५२ साली सरकारने कायदा करून रेडिओवर सिनेमाच्या गाण्यांना बंदी घातली, घालणारे मंत्री आपलेच मराठी, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, त्यांनीच पेटीलाही (म्हणजे हार्मोनियमला) रेडिओवरून हाकललं, त्या बंदीमुळे श्रीलंकेतलं (तेव्हाचं सिलोन) रेडिओ सिलोन निघालं, निवेदक अमीन सयानी कोलंबोला जाऊन सिनेमाच्या गाण्यांची, बिनाका टूथपेस्टच्या जाहिरातीची बिनाका गीतमाला लाइव्ह करायला लागले, आणि शेवटी केसकर मंत्रिपदावरून गेले तेव्हा कुठे ऑल इंडिया रेडिओची गाण्यांची विविध भारती सुरू झाली. खाली हात जोडलेले चार इमोजी आणि ‘प्रत्येक संगीतप्रेमीने पुढे पाठवा’.

मामांना चारचौघांत उत्तर दिलं की ते रुसतात, म्हणून इथे लिहितोय.

पहिलं ते कायद्याचं. कायदाबियदा काहीही झाला नव्हता. झालं ते असं की १९५२ मध्ये माहिती आणि प्रसारण खातं केसकरांकडे आलं, माणूस स्वतः शास्त्रीय गाणं शिकलेला, सिनेमाच्या गाण्यांबद्दल मनातून अढी, आणि त्यांनी ऑल इंडिया रेडिओवर या गाण्यांचा वेळ कापून साधारण दहा टक्क्यांवर आणला, गाणी आधी तपासून मग लावायची असं ठरवलं. इथपर्यंत मेसेजवाले अर्धे बरोबर. पण खरी ठिणगी पडली ती दुसऱ्याच एका नियमाने, जो मेसेजमध्ये कधीच नसतो. नियम असा की गाणं लावताना सिनेमाचं नाव घ्यायचं नाही, कारण ती फुकटची जाहिरात होते, आणि सरकारी रेडिओवर जाहिरात चालत नाही.

आता निर्मात्याच्या जागी बसून बघा. गाणं वाजवायची परवानगी त्याने दिलेली, ती कशासाठी, तर गाणं ऐकून लोकांनी थेटरात यावं म्हणून. सिनेमाचं नावच जर सांगणार नसाल तर त्याला त्यातून मिळणार काय? निर्मात्यांच्या संघटनेने परवानगीच काढून घेतली, आणि काही महिन्यांत उरलेली दहा टक्के गाणीही गेली. म्हणजे दार अर्धं मंत्र्यांनी लावलं आणि उरलेलं अर्धं निर्मात्यांनी आपटलं. याला बंदी म्हणायचं तर म्हणा, पण मग दोन्ही हात दाखवा की.

(गंमत म्हणजे गायकांची नावं मात्र रेडिओवर घेतली जायची. फार नाही, १९४९ साली ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून लताबाईंचं नाव नव्हतं, पडद्यावरच्या पात्राचं ‘कामिनी’ हे नाव छापलं होतं. तेव्हा हा नियम गायकांना अगदीच वाईट होता असं नाही.)

मामांच्या मेसेजखाली एकांनी लिहिलंय की केसकरांनी केलं ते बरंच केलं, तेव्हाची सिनेमाची गाणी उथळच होती. अहो, साल कुठलं चाललंय? १९५२! त्याच साली ‘बैजू बावरा’ आला. ‘मन तरपत’चा मालकंस राग, ‘ओ दुनिया के रखवाले’चा दरबारी, आणि जुगलबंदीला उस्ताद अमीर खाँ आणि द. वि. पलुस्कर. ज्या शास्त्रीय गायक विष्णू दिगंबर पलुस्करांच्या परंपरेचं मंत्रीमहोदयांच्या रेडिओला कौतुक, त्यांचा मुलगा त्या वर्षी सिनेमासाठी गात होता आणि तो सिनेमाचा म्हणून रेडिओला नको! यापेक्षा मोठा विनोद मला तरी सापडलेला नाही.

आता सिलोन. बंदीमुळे सिलोन निघाला हे तर उघड उलटं आहे. सिलोनची व्यापारी सेवा १९५० मध्येच सुरू झाली होती, केसकर मंत्री व्हायच्या आधी. सिलोनवाल्यांकडे दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या फौजांसाठी बसवलेला शंभर किलोवॅटचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता, तो आयताच हातात आला, आणि क्लिफर्ड डॉड नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने त्यावर जाहिरातींचा धंदा उभा केला. मुद्दा जाहिरातीचाच आहे. भारतात टूथपेस्ट विकणाऱ्याला रेडिओवर जाहिरात करायची सोयच नव्हती, आपल्याकडे ती विविध भारतीवर आली थेट १९६७ मध्ये. समजा केसकरांनी एकही गाणं कापलं नसतं, तरी बिनाकावाले सिलोनलाच गेले असते. केसकरांनी सिलोनला गिऱ्हाईक मिळवून दिलं, हे मान्य, भरपूर मिळवून दिलं, पण दुकान आधीचंच होतं.

गिऱ्हाईक म्हणजे तरी किती? १९५१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३६ कोटी आणि रेडिओची लायसन्सं दहा लाखांच्याही खाली. माझी आजी सांगायची, त्यांच्या वाड्यात रेडिओ एकच, मालकांच्या माडीवर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळीची एरियल ताणलेली, आणि बुधवारी रात्री जिन्यावर पायरी-पायरीला माणसं. सिलोन लागायचं म्हणजे काटा केसभर इकडे-तिकडे, आवाज लाटेसारखा जवळ यायचा आणि ऐन अंतऱ्याला लांब जायचा, की सगळे मालकांकडे बघणार, जणू त्यांनीच केलं. तिला कित्येक गाण्यांचे अंतरे तसेच अर्धे पाठ होते, शेवटपर्यंत.

पेटीचं एका वाक्यात. पेटीवर रेडिओने बंदी घातली ती मार्च १९४० मध्ये, इंग्रजांच्या राज्यात, लायनेल फील्डन प्रमुख असताना, आणि रवींद्रनाथ टागोरही पेटीच्या विरोधातच होते. केसकरांनी ती उठवली नाही एवढाच त्यांचा दोष.

गीतमालेचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट मेसेजपेक्षा कितीतरी छान आहे. कार्यक्रम ३ डिसेंबर १९५२ ला सुरू झाला, तेव्हा अमीन सयानींना विसावं वर्षही पूर्ण नव्हतं, आणि ते कोलंबोत नव्हते, मुंबईत होते. रेकॉर्डिंग मुंबईत व्हायचं आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. म्हणजे मुंबईत तयार झालेली गाणी, मुंबईतच बोललेलं निवेदन, समुद्र ओलांडून जाणार आणि तिथून हवेतून परत आपल्या माडीवर येणार! आणि पहिल्या दिवशी पायदान (म्हणजे गाण्याचा क्रमांक) वगैरे काही नव्हतं. सात गाणी वाजवायची, लोकप्रियतेप्रमाणे त्यांचा क्रम ऐकणाऱ्यांनी लावून पाठवायचा, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजारांच्या आसपास पत्रं आली. क्रमवारीची हिट परेड नंतरची, त्यामुळे ‘बिनाकाची १९५२ ची टॉप टेन’ म्हणून जी यादी फिरते ती कोणीतरी घरी बसून केलेली आहे.

राहिलं शेवटचं, केसकर पायउतार झाल्यावर विविध भारती आली हे. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ची, आणि केसकर मंत्री होते १९६२ पर्यंत. सिलोनने कान ओढून नेलेत हे कळल्यावर त्यांच्याच खात्याने ती काढली, सिनेमाची गाणी लिहिणारे कवी पंडित नरेंद्र शर्मा यांना हाताशी धरून. मधल्या काळात रेडिओने स्वतःचं सुगम संगीत उभं करायचा घाट घातला होता, त्यातलं पुष्कळसं लोक विसरले, पण रेडिओनेच खास गाणी करून घ्यायची या वातावरणातच १९५५ साली पुणे केंद्रावर गीतरामायण झालं हे मराठी माणसाने तरी विसरू नये. आणि ते केलं कोणी? कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार बाबूजींनी (सुधीर फडके), दोघेही सिनेमातले! विविध भारतीवरचं पहिलं गाणं, ‘नाच रे मयूरा’, तेही सिनेमातलं नाही, खास त्या दिवसासाठी केलेलं, पण शब्द नरेंद्र शर्मांचे, चाल अनिल विश्वासांची, आवाज मन्ना डेंचा. सिनेमाला मागच्या दाराने आत घ्यावंच लागलं.

आणि ज्या गीतमालेला तोंड द्यायला विविध भारतीचा इतका खटाटोप, ती स्वतः विविध भारतीवर आली १९८९ मध्ये. तोवर बिनाकाचं सिबाका झालं होतं.